घरात शिरणारे वन्यजीव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. घर कोयनेच्या खोऱ्यातील कौलारू असो, कृष्णाकाठचे असो की अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असो, पत्रलेखकांची तक्रार सारखीच आहे: रानातला प्राणी घरापर्यंत येतो, त्याला बाहेर कसे ठेवावे? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यामुळे पत्रांत आलेल्या बहुतेक प्राण्यांना मारणे, पकडणे किंवा त्यांच्यासाठी सापळा लावणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे पुढील उपाय प्राण्याला हात न लावता घर बंद करण्याचे आहेत. केवळ कायद्याच्या धाकाने ते सुचवलेले नाहीत. एक प्राणी मारला आणि भोक तसेच राहिले, तर त्या भोकातून दुसरा येतो.

प्रश्न : आमचे घर पाटण तालुक्यात असून ते जुने, मंगळुरी कौलांचे आहे. गेल्या काही आठवड्यांपासून रात्री माळ्यावर कोणीतरी जड पावलांनी फिरते आणि पहाटे पुन्हा तोच आवाज येतो. माळ्याच्या एका कोपऱ्यात बियांनी भरलेली विष्ठा सापडते. सासूबाई म्हणतात की ते उदमांजर आहे. यजमानांच्या मते घुशी आहेत आणि त्यांनी उंदीर मारण्याच्या विषारी वड्या आणून ठेवल्या आहेत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचिका, पाटण तालुका

उत्तर : सासूबाईंचे ऐका, आणि वड्या आधी मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

उंदीर-घुशींचा वावर आणि उदमांजराचा वावर यांत फरक करणे फारसे अवघड नाही. उंदरांची खुडबुड दिवे मालवल्यावर सुरू होते, ती रात्रभर अधूनमधून चालू राहते आणि त्यांच्या लेंड्या जिथे फिरतील तिथे विखुरलेल्या असतात. घूस तर सहसा माळ्यावर राहतच नाही. ती जमिनीत, जोत्याच्या कडेला बीळ करते आणि बाहेर मातीचा ढीग टाकते. उदमांजर अंधार पडल्यावर एकदा बाहेर पडते, पहाटे उजाडण्यापूर्वी परत येते आणि दिवसभर निपचित झोपते. दोन ते पाच किलो वजनाचा हा प्राणी आढ्यावरून खाली उतरला की धप्प असा एकच आवाज होतो. शिवाय ते बहुधा ठरलेल्या जागीच विष्ठा टाकते आणि तिच्यात हंगामानुसार जांभळाच्या, करवंदाच्या, चिकूच्या न पचलेल्या बिया दिसतात. माळ्यावर आंबेमोहोर भात शिजत असल्यासारखा वास दरवळत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. तो वास उदमांजराच्या गंधग्रंथींचा असतो.

तरीही खात्री करून घ्यावी. संध्याकाळी तुळईवर, जिथून ते ये-जा करत असेल असे वाटते तिथे, चुलीतील राख चाळणीने पातळ पसरून ठेवा आणि सकाळी ठसे पाहा. मांजराच्या ठशात चार बोटे उमटतात आणि नखे दिसत नाहीत. उदमांजराच्या ठशात पाच बोटे असतात, आणि ठसा नीट उमटला असेल तर पुढे नखांच्या बारीक खुणाही दिसतात. घरातली बोकी माळ्यावर जाते आणि दोष उदमांजराला लागतो, असेही पुष्कळदा होते.

आता विषाबद्दल. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती वडी खाऊन प्राणी तुमच्या सोयीच्या जागी मरणार नाही. तो कौलांच्या आणि तक्तपोशीच्या मधल्या फटीत जाऊन मरेल आणि पुढचे पंधरा दिवस त्या खोलीत कोणाला बसता येणार नाही. विष खाऊन मेलेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर ते विष त्यांच्याही पोटात जाते. फळांखेरीज उदमांजर उंदीरही खाते, हेही यजमानांच्या कानावर घालावे.

घर बंद करण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा दिवसा माळ्यावर कान देऊन ऐका. बारीक चिरचिर किंवा कुंईकुंई ऐकू आली, तर पिले आहेत असे समजावे. अशा वेळी भोक बुजवल्यास पिले आत उपाशी मरतात आणि बाहेर राहिलेली आई त्यांच्यासाठी कौले उचकटते. पिले साधारण दोन-अडीच महिन्यांत आईबरोबर बाहेर पडू लागतात, तोवर धीर धरणे हाच स्वस्त उपाय आहे. पिले नसतील, तर प्रवेशाची जागा शोधा. दुपारी दार-खिडक्या लावून माळ्यावर अंधारात बसलात, तर उन्हाची तिरीप जिथून येते त्या जागा एकेक करून दिसतील. सरकलेले कौल, भिंत आणि वासे यांमधील पोकळी, कोनवाशाजवळचा मोडका कोपरा, कौलांची कड जिथे पन्हळीला टेकते ती फट, या नेहमीच्या जागा होत. संशयाच्या प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसा खोचून ठेवा; दुसऱ्या दिवशी जो बोळा खाली पडलेला असेल, तोच त्याचा दरवाजा.

बाकीची सर्व भोके दिवसा बंद करून तो एक दरवाजा उघडा ठेवावा. नंतर दोन-तीन संध्याकाळी माळ्यावर दिवा लावून ठेवा, कारण उजेडाची झोपायची जागा उदमांजराला आवडत नाही. ते बाहेर पडल्यानंतर, म्हणजे साधारण रात्री नऊच्या पुढे, शेवटचे भोकही बंद करा. त्यासाठी गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश जाळी वापरावी. उदमांजराला एक इंची जाळीही अडवते, पण खर्च करायचाच आहे तर पाव इंची घ्या, म्हणजे उंदीरही अडेल. उंदराचे पिल्लू अर्ध्या इंचाच्या फटीतून आणि घरातील लहान जातीचा उंदीर पाव इंचाहून थोड्या मोठ्या फटीतूनही निघतो. जाळी खिळ्यांनी न ठोकता वॉशर लावून स्क्रूने रिपेला आवळा. थर्माकोल, फोम आणि नुसती माती यांनी भोक बुजवण्यात अर्थ नाही, कारण उंदीर ते एका रात्रीत कुरतडतात. लहान भोकात आधी जाळीचा बोळा आणि त्यावर सिमेंट असेच करावे.

एवढे करूनही अंगणातील आंब्याची फांदी कौलांवर टेकलेली राहिली, तर सगळा खटाटोप वाया जाईल. छपरापासून सात-आठ फुटांपर्यंतच्या फांद्या छाटा आणि खांबावरून घरात आलेली केबल छपराला घासत नाही ना, ते पाहा. परसातली पिकलेली फळे संध्याकाळी गोळा करण्याची सवय लावलीत, तर उदमांजराला तुमच्या घराचे अगत्य उरणार नाही.

प्रश्न : प्लगमध्ये लावायचे, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर, साप, पाली सगळ्यांना पळवणारे यंत्र घ्यावे का? डांबरगोळ्या आणि फिनेल यांचा उपयोग होतो का?
— एक वाचक, विटा

उत्तर : यंत्र घेऊ नका. असे आवाज भिंत आणि कपाट यांच्यापलीकडे जात नाहीत, आणि उंदीर सुरुवातीला बिचकले तरी त्या आवाजाला सरावतात. सापाला तर हवेतून येणाऱ्या अशा उंच आवाजाची जाणीवच नसते. त्याला जमिनीतून येणारा कंप कळतो. डांबरगोळ्यांनी साप अडत नाही. भिंतीलगत ओतलेल्या कार्बोलिक आम्लाने माणसाची कातडी भाजते, म्हणून तो प्रकार लहान मुलांच्या घरात विशेष टाळावा. सर्पगंधेचे रोप लावले की साप येत नाही, हीही ऐकीव गोष्ट आहे. त्याच पैशांत दाराखाली लावायची रबरी पट्टी आणि मोरीच्या भोकावरची जाळी येते.

प्रश्न : आम्ही पलूस तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी घरात आले होते आणि ते ओसरल्यावर घरात साप निघाले. तेव्हापासून दर पावसाळ्यात घरच्यांच्या मनात धास्ती असते. साप घरात येऊच नये यासाठी काय करावे आणि आला तर काय करावे?
— एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : पुराच्या वेळी साप आणि माणूस दोघेही एकच गोष्ट शोधत असतात, ती म्हणजे कोरडी उंच जागा. म्हणून पूर ओसरल्यानंतरची साफसफाई हा सर्वांत धोक्याचा काळ होय. गमबूट घालून दारापासून आत या, दार उघडेच ठेवा आणि गाळात अडकलेली भांडी, गाद्या, फळ्या प्रथम लांब काठीने हलवून मगच हाताने उचला. कपाटाच्या वरचा भाग, खिडकीची चौकट, पत्र्याखालची तुळई आणि ओल्या कपड्यांचा ढीग या जागा आधी पाहाव्यात. कृष्णेत मगरी आहेत हे तुम्हांला सांगायला नको. पूर ओसरल्यावर ओढ्यात किंवा उसाच्या सरीत मगर अडकलेली दिसली, तर जवळ न जाता वन विभागाला कळवावे.

इतर दिवसांत साप घरात येतो तो मुख्यतः उंदरांमागे. घरात धान्याची पोती जमिनीवर उघडी पडलेली असतील, दाराला लागून सरपणाचा आणि शेणींचा ढीग असेल आणि परड्यात पाचट साठवलेले असेल, तर उंदीर आणि त्यांच्यामागे साप येणे हे ओघानेच आले. धान्य पत्र्याच्या कणगीत किंवा घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. सरपण भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून फूटभर उंच, विटांवर किंवा लोखंडी घोडीवर रचा. मोरीच्या भोकाला पाव इंची जाळी बसवा आणि ती स्वच्छ करता येईल अशी काढती ठेवा, नाहीतर पाणी तुंबले की पहिल्याच आठवड्यात घरातले कोणीतरी ती उपटून टाकील. दार आणि उंबरा यांमधील फट करंगळी शिरणार नाही इतकी कमी करा. जोत्यातील बिळे, चौकटीच्या कडेच्या भेगा आणि नळ भिंतीतून जिथे आत येतो ती मोकळी जागा सिमेंटने भरा. मात्र एखाद्या बिळात साप गेलेला पाहिला असेल, तर ते बीळ लगेच बुजवू नका.

आपल्या भागात माणसाच्या जिवाला खरा धोका असलेले साप चार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी घराच्या दृष्टीने मण्यारीचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ती रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. रात्री झोपेत असलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे पित्त झाले म्हणून सोडा पाजत बसतात. यात मोलाचा वेळ जातो. म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी. सर्व उपायांत कमी खर्चाचा आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचा उपाय हाच आहे.

मण्यार समजून ठेचला जाणारा निरुपद्रवी साप म्हणजे कवड्या. कवड्याच्या अंगावरील पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे, बारीक, बहुधा जोडीने असलेले पट्टे उलट मानेजवळ पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट असतात. कवड्या खडबडीत भिंतीवर सहज चढतो, त्यामुळे खिडकीच्या गजांवर किंवा विजेच्या बोर्डामागे आढळणारा पट्टेरी साप बहुधा तोच असतो. ही ओळख दुरून पाहण्यासाठी आहे; तिच्या भरवशावर साप हातात घेण्याचे धाडस कोणी करू नये.

साप दिसला, तर मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढा, खोलीचे दार लावून त्याखालची फट ओल्या गोणपाटाने बंद करा आणि एका मोठ्या माणसाने दोन-तीन मीटर अंतरावरून खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवावी. सर्पमित्र आल्यावर ‘इथेच होता’ असे सांगण्यापेक्षा ‘त्या ट्रंकेमागे आहे’ असे सांगता आले, तर काम पाच मिनिटांत होते. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक निःशुल्क असून त्यावरून मदत मिळते. दंश झालाच, तर ती जागा कापू नका, चोखू नका, करकचून दोरीही बांधू नका. अंगठी-बांगड्या काढा, हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा आणि १०८ ची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही, कारण भारतात मिळणारे प्रतिसर्पविष या चारही सापांच्या विषावर चालते.

प्रश्न : साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे दुमजली घर आहे. माकडे स्वयंपाकघरात येतात, टाकीचे झाकण काढतात, सोलरच्या काचनळ्या त्यांनी दोनदा फोडल्या. नगरपालिकेने ती पकडून लांब सोडावीत, असे शेजाऱ्यांचे मत आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्याकडे नक्की कोण येते ते पाहा. लाल तोंडाचे, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेले माकड स्वयंपाकघरात शिरते, डबे उघडते आणि गालांतील पिशव्यांत खाणे भरून पळते. काळ्या तोंडाचे लांब शेपटीचे वानर प्रामुख्याने पाला, फुले आणि शेंगा खाते. त्याला आतल्या डब्यांपेक्षा तुमची गच्ची धावपट्टी म्हणून हवी असते, आणि काचनळ्या, कौले, डिश यांची मोडतोड बहुधा त्याच्या उड्यांनी होते. पहिल्यासाठी खिडकी बंद करायची, दुसऱ्यासाठी गच्चीचा रस्ता तोडायचा.

स्वयंपाकघराच्या खिडकीला डासांची नायलॉन जाळी पुरत नाही, कारण माकड ती नखाने फाडते; गजांच्या आतून एक इंची वेल्डमेश लावून घ्यावी. दाराची कडी वरच्या बाजूला आणि खटक्याची असावी. साधा बोल्ट माकडे पाहून शिकतात. फळांची टोपली खिडकीतून दिसेल अशी ठेवू नये, देव्हाऱ्यातील केळी-नारळ आरतीनंतर झाकावेत आणि ओला कचरा घंटागाडी येण्याच्या वेळेसच बाहेर काढावा. टाकीच्या झाकणाला कडी आणि छोटे कुलूप लावा. वानर आडवी उडी साडेचार मीटरपर्यंत मारू शकते, तेव्हा गच्चीजवळच्या फांद्या तितक्या अंतरापर्यंत छाटण्याचा प्रयत्न करा. सोलरच्या नळ्यांवर लोखंडी चौकटीत मोठ्या घरांची जाळी उभी केली, तर थोडे ऊन अडते, पण नळ्या वाचतात.

शेजाऱ्यांच्या मताशी मी सहमत नाही. माकडे पकडण्याचा अधिकार नगरपालिकेला आपल्या मनाने वापरता येत नाही, त्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. समजा ती मिळाली, तरी मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची टोळी येते आणि सोडलेली टोळी दुसऱ्या गावाच्या डोक्यावर बसते. यवतेश्वरच्या घाटात आणि महाबळेश्वरच्या ठिकाणांवर गाडीची काच खाली करून चिप्स आणि मक्याची कणसे वाटणारे आपणच आहोत, हे विसरून तक्रार करण्यात काही हशील नाही. माकडाने चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे. हळद-चुना लावून थांबू नये.

प्रश्न : आमच्या वाईच्या जुन्या वाड्यात तुळयांच्या फटींत लहान वटवाघळे राहतात. खाली घाण पडते. त्यांना कसे काढावे?
— एक वाचिका, वाई

उत्तर : ही लहान वटवाघळे रात्रभर किडे आणि डास खातात, त्यामुळे राहत्या खोलीत त्रास नसेल तर खाली पत्र्याचा ट्रे ठेवून त्यांना राहू द्यावे, असे मी सुचवीन. काढायचीच असतील, तर फटीच्या तोंडावर बारीक जाळीचा पडदा वरून आणि बाजूंनी चिकटवा, खालून मोकळा सोडा. संध्याकाळी ती भिंतीवरून घसरत बाहेर पडतात, परंतु परतताना त्यांना आत जाता येत नाही. आठवडाभर पडदा तसाच ठेवून नंतर फट लाकडी पट्टीने बंद करावी. केस नसलेली, आईला चिकटलेली पिले दिसली, तर हे काम पुढे ढकला. विष्ठा झाडताना आधी पाणी शिंपडा आणि नाकातोंडाला फडके बांधा. जमिनीवर पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये.

प्रश्न : कराड तालुक्यात आमचे घर उसाच्या रानातच आहे. मागच्या आठवड्यात अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याने नेला. आता शेळ्यांची आणि मुलांची काळजी वाटते. काही जण गोठ्याभोवती तारेत वीज सोडा म्हणतात. वन विभाग पिंजरा लावेल का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : तारेत घरची वीज सोडण्याचा विचार मनातूनही काढून टाका. अशा तारेला पहिल्यांदा रात्री मोटार चालू करायला निघालेला शेतकरीच चिकटतो, आणि तो मेला तर तार लावणाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल होतो. रानडुकरांसाठी बांधावर लावलेले क्लच वायरचे फासेही काढून टाकायला सांगा. त्यांत बिबट्या अडकतो आणि कमरेला फास घेऊन तडफडणाऱ्या त्या जनावराजवळ जाणे कोणालाही शक्य होत नाही.

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील बागायतीत बिबट्याला वर्षातील बहुतेक काळ दाट आडोसा, पाणी आणि गावठी कुत्री-डुकरे मिळतात. मादी उसातच पिले घालते. तो घरासाठी येत नाही, घराबाहेर बांधलेल्यासाठी येतो. म्हणून कुत्रा रात्री मोकळ्या अंगणात साखळीने बांधू नका. साखळीतील कुत्रा पळूही शकत नाही. शेळ्यांच्या गोठ्याला चारही बाजूंनी कितीही उंच भिंत घातली, तरी वरून उघडा असलेला गोठा सुरक्षित नव्हे. छत हवे, आणि भिंत व पत्रा यांमधील मोकळ्या जागेला जाड वेल्डमेश हवी. दार आतून ढकलून बाहेर उघडणारे नसावे, कडी लोखंडी असावी आणि पाखरांच्या खुराड्यासारखी तारेने गुंडाळलेली नसावी. घराच्या भिंतीला ऊस भिडू न देता वीसेक फुटांची पट्टी मोकळी ठेवा आणि तिच्यावर दिवा असू द्या. जवळपास पोल्ट्री असेल, तर मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या जात नाहीत ना, ते ग्रामपंचायतीमार्फत पाहावे. अनेक ठिकाणी बिबट्याच्या फेऱ्यांचे कारण हेच असते. मुलांना दिवेलागणीनंतर एकटे बाहेर सोडू नका आणि शौचालय घराबाहेर असेल, तर तिथवरचा रस्ता उजेडाचा करा, कारण वाकून किंवा बसलेल्या माणसाचा आकार बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो.

पिंजऱ्याविषयी स्पष्टच लिहितो. पिंजरा लावण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि नुसता बिबट्या दिसला म्हणून ती मिळत नाही, ते योग्यही आहे. जुन्नर भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात सोडलेल्या जनावराला रस्ता, पाणी, शिकार काहीच माहीत नसते. तुमच्या रानातील बिबट्या तुम्हांला दिसला म्हणून नवा असेल असे नाही. तो कदाचित काही वर्षे तिथेच राहत असेल.

ऊसतोडीत पिले सापडली, तर त्यांना उचलून घरी नेऊ नका आणि त्यांच्याबरोबर फोटोही काढू नका. तोड थांबवून वन विभागाला कळवा; कर्मचारी पिलांना त्याच जागी रात्री ठेवतात आणि मादी बहुधा त्यांना घेऊन जाते. पिले हलवली गेली, तर ती मादी दोन-तीन रात्री आसपासच्या वस्त्यांवर हिंडते, आणि तिच्याशी गाठ पडणे कोणालाच परवडणारे नाही.

एखादा बिबट्या कुत्र्यामागे धावताना खोलीत शिरलाच, तर बाहेरून दार ओढून कडी घाला, घरातील सर्वांना दूर न्या आणि १९२६ किंवा ११२ वर फोन करा. पुढचे संकट बिबट्यापेक्षा गर्दीचे असते. २०२१ मध्ये सांगली शहरात राजवाडा चौकाच्या परिसरात बिबट्या आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मार्केट यार्डात गवा शिरला, तेव्हा दोन्ही वेळा लोकांचे लोंढे बघायला आले होते. भोवती ओरडा, पत्र्यांवर दगड आणि वर मोबाइल धरलेले हात असले, की जनावर बाहेर पडण्याची वाट शोधताना समोर येईल त्याच्यावर झडप घालते, आणि भुलीचे इंजेक्शन देणाऱ्यालाही नेम साधता येत नाही. म्हणून गावातील तरुण मंडळांनी अशा वेळी गर्दी पांगवण्याचे काम अंगावर घ्यावे.

शेळी किंवा वासरू मारले गेले, तर शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. मात्र त्यासाठी मेलेले जनावर जागेवरून हलवू नका, पुरू नका, त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडा. जखमांचे आणि पावलांच्या ठशांचे फोटो, बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून, पंचनाम्यापूर्वीच काढून ठेवावेत, कारण दुपारपर्यंत बघ्यांच्या पायांखाली ठसे पुसले जातात आणि मग बिबट्याने मारले की कुत्र्यांनी, यावर वाद सुरू होतो.